पाहुण्यांपुरतं गोड पाणी

आमच्या गावात ज्या घरी मुलाला बघायला पाहुणे येणार असतात, त्या घरी आदल्या दिवशी तालुक्याहून गोड पाणी येतं. हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही, पण सत्यनारायणाला केळीचे खांब लागतात तसं हे लागतंच. पूर्वी मोटारसायकलला दोन बाजूंनी दोन प्लास्टिकच्या कॅन बांधून आणायचे, आता जारची गाडीच दारात येते. गाव घाटाखाली, पूर्णेच्या काठी. जमीन काळी, कापूस चांगला, आणि विहिरीचं पाणी असं खारट की त्यात चहा फाटतो अन् तुरीची डाळ दुपारपर्यंत शिजत नाही. पाहुणे घाटावरचे, म्हणजे चिखली-मेहकरकडचे असले, तर पहिल्याच घोटात ओळखतात. म्हणून त्यांना ओळखू द्यायचं नाही. लग्न लागलं की मुलीला कळतंच, पण तोवर अक्षता पडलेल्या असतात.

असं पाणी मी एकदा स्वतः आणलं होतं. तेव्हा मला हायस्कुलात विज्ञान शिकवायची नोकरी नुकतीच लागली होती आणि साऱ्या भावकीत मोटारसायकल माझ्या एकट्याकडे होती. शेजारच्या घरी, म्हणजे माझ्या काकांकडे, चुलतभावाला बघायला घाटावरच्या डोणगावचे पाहुणे येणार होते. काकूनं हाक मारली, "बाबू, दोन कॅन आन बाप्पा, तुहे उपकार होतीन." मी आणल्या. मुलीच्या वडिलांनी तांब्याभर पाणी पिऊन मिशी पुसली अन् म्हणाले, "पानी त चांगलं हाये तुमच्याकडं. आमाले लोकाईनं उगंच भेव घातला." सगळे हसले. मीही हसलो, आणि चांगला मोठ्यानं हसलो.

मुलगी नवरी होऊन आली. एकोणीस वर्षांची असेल. वैशाखातलं ऊन, जीपमधला प्रवास, घसा वाळून कोळ झालेला. तिनं माप ओलांडलं, काकूनं पाण्याचा तांब्या पुढे केला. तिनं मोठा घोट घेतला आणि तसाच अंगणात थुंकला.

"हे काय हो?" तिनं विचारलं.

एवढंच. शहाण्या माणसाला पडावा असा सरळ प्रश्न होता. पण काकूचं तोंड उतरलं. बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. "घरात पाय ठिवला नाई त घरचं पानी थुकली. लक्षन बरं नाई, माय." मी ओसरीवर उभा होतो. कॅन मीच आणल्या होत्या, हे तिला सांगायला माझी जीभ वळली नाही. खरं बोलायचं तर आमच्या गावच्या पाण्याची पहिली चाचणी त्या दिवशी तिनं केली होती, आणि तिचा निष्कर्ष बरोबर होता. विज्ञानाचा मास्तर मात्र खाली मान घालून लाडू खात होता.

मी तिला वहिनी म्हणायचो. आमच्या आणि काकांच्या घरामध्ये एकच भिंत, इकडे फोडणी दिली की तिकडे ठसका लागायचा. वहिनी कामाला वाघीण होती आणि तोंडानं फटकळ. महिनाभरात तिला त्या पाण्याची सवय झाली, जशी सगळ्यांना होते.

लग्नानंतर दोन वर्षांनी काका गेले. पाय सुजले, तोंड सुजलं, लघवी बंद झाली, डॉक्टर म्हणाले किडनी. काही वर्षांनी धाकटा दीर तसाच गेला, लग्नाचा होता पोरगा. मग नवऱ्याची पाळी आली. आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिस, एसटीनं जायचं, एसटीनं यायचं, वहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसायची. तोही गेला. पोटी मूल नव्हतं. एकाच घरातली तीन माणसं, एकाच रोगानं. आणि गावानं कारण शोधलं ते काय, तर वहिनीचे पाय.

पांढऱ्या पायाची! आली तेव्हाच पाणी थुंकली, घराचा सत्यानाश केला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊबंद ओसरीवर बसले आणि तिला माहेरी पाठवायचं ठरवायला लागले. काकू रडत रडत म्हणत होती, "मले हिचं थोबाड नाई पाहाचं." वहिनी दाराआड होती. ती बाहेर आली. पदर डोक्यावर, डोळे कोरडे.

"जायचं असन त मी जाईन," ती म्हणाली. "माह्या बापाचं दार उघडं हाये. पन हे नाव घिऊन नाई जानार. म्या खाल्लं असन माह्या मानसाले, त पुराव्यानं दाखवा. नाई त चार लोकाईत म्हना, का हिच्या पायाचा काई दोष नाई. मंग जाते."

आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, तुमी त सायन्सचे मास्तर हात. तुमी सांगा."

माझ्या डोक्यात अशी काही आग उठली की विचारू नका. नववीच्या पोरांना मी दर वर्षी शिकवायचो, कावळा बसायला अन् फांदी तुटायला एकच वेळ आली म्हणून कावळ्यानं फांदी तोडली असं होत नाही. पोरांना ते कळायचं. शेंबड्या पोराला कळतं ते या मिशावाल्यांना कळू नये? मी तिथंच म्हणालो, "महिनाभर थांबा. मी मोजून सांगतो."

दोनशे पानी वही घेतली आणि शाळा सुटली की घरोघर फिरायला लागलो. कोणत्या विहिरीचं पाणी पिता, किती वर्षांपासून, घरात कोणाला सूज आली, कोण गेलं. पायांच्या कल्पनेलाही मी पुरता न्याय दिला. सून आल्यावर माणूस गेला अशी घरं लिहिली, सून आली आणि काहीच झालं नाही अशी लिहिली, आणि सून न येताच माणूस गेला अशीही लिहिली. आपल्या म्हणण्याला सोयीचं तेवढंच टिपलं तर ती भविष्यवाल्याची वही होते, विज्ञानाची नाही. सुनांचा आणि मरणाचा काही मेळ लागेना. विहिरीचा मात्र लागायला लागला. मारुतीपुढच्या जुन्या विहिरीवर ज्यांची घरं, त्यांच्याकडे हा आजार जास्त.

आणि गावाच्या खालच्या अंगाला जी वस्ती होती, तिथं तो कमी निघाला. ही माणसं नदीत झिरे खोदून त्यातलं पाणी प्यायची. काऊन? तर आमच्या आज्या-पणज्यांनी त्यांना विहिरीवर चढू दिलं नव्हतं. पुढे कायद्यानं विहीर मोकळी झाली, पण ते फिरकले नाहीत. तिथल्या एका म्हातारीला मी विचारलं, तर ती सुपातले खडे वेचता वेचता म्हणाली, "तुमच्या विहिरीचं पानी तुमालेच लखलाभ, मास्तर." मी ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. लिहिताना कान गरम झाले होते.

सगळ्यात पक्का पुरावा मात्र वहिनीनंच आणून दिला. काकांच्या जुन्या कोटाच्या खिशात डॉक्टरांची चिठ्ठी होती. पायावर सूज, लघवी तपासा, असं लिहिलेलं. चिठ्ठी लग्नाच्या आदल्या वर्षीची होती. म्हणजे वहिनीचं पाऊल या घराला लागलं त्याच्या आधीच काकांचे पाय सुजत होते. कार्य आधी आणि कारण नंतर, असं या जगात कुठंच होत नाही. मी ती चिठ्ठी हातात घेऊन भिंतीला टेकून बसलो. मला वाटलं, जिंकलो.

"झालं ना, भाऊजी?" वहिनीनं विचारलं. तिला हसताना मी किती वर्षांनी पाहत होतो.

रविवारी सकाळी मारुतीच्या पारावर माणसं जमवली. मी वही वाचली. आधी चिठ्ठी दाखवली, मग सुनांचं, मग विहिरीचं. सांभाळून बोललो. म्हणालो, पाणीच कारण आहे असं मी छातीठोक सांगत नाही, ते सांगायला तपासणी पाहिजे. पण शंका घ्यायची तर पाण्यावर घ्या, पायांवर नको. ही वही मी तालुक्याला देतो, ते पाणी तपासतील, दुसरीकडून नळ आणता येईल. लोक चांगले ऐकत होते. काही जण माना डोलवत होते. एकजण म्हणालाही, "सर सांगून राह्यले ते खरं हाये बे, माह्या बापालेबी असंच झालतं."

मग माजी सरपंच उठले. म्हातारे, शांत स्वभावाचे, माझ्या वडिलांचे मित्र. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही.

"सर, वही तालुक्याले जाईन. म्हंजे पेपरात येईन?"

"येऊ द्या की."

"आन मंग घाटावरचा मानूस आपल्या गावात पोरगी देईन?"

डोलणाऱ्या माना थांबल्या. ज्याच्या त्याच्या घरी पोरगा होता.

"हे पाहा," म्हातारा म्हणाला, "एका बाईच्या पायानं झालं, त ते एका घराचं झालं. पान्यानं झालं, त साऱ्या गावाचं झालं. तुमीच सांगा, कोनतं बरं?"

इतकं स्वच्छ बोलणं मी आयुष्यात दुसरं ऐकलं नाही. मी समजत होतो की हे लोक अडाणी आहेत, यांना कार्यकारण कळत नाही. कसलं काय! त्यांना सगळं कळत होतं. वर्षानुवर्षं पाहुण्यांसाठी कॅन भरून आणणाऱ्या माणसांना आपलं पाणी कसं आहे हे मी सांगायचं होतं होय? आपलं ठेवायचं झाकून, एवढंच त्यांचं चाललं होतं, आणि झाकायला एक बाई पुरत होती. मी खूप बोललो. ओरडलो. "मरा मग सगळे तडफडून!" असंही म्हणालो. लोक एकेक करून उठले, धोतर झटकून घरी गेले. वहिनी विहिरीपलीकडे बायांच्या मागे उभी होती. तिच्या पायांचा दोष नाही, एवढं एक वाक्य चार लोकांत म्हणायचं राहून गेलं. कोणीच म्हणालं नाही.

आता माझं सांगतो. वही घेऊन मी सोमवारी तालुक्याला जाणार होतो. गेलो नाही. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हटलं. मग परीक्षा आल्या. मग मला वाटायला लागलं की पुरावा अजून कमी आहे. शेजारची चार गावं घ्यायला हवीत, आणखी पाच वर्षं नोंदी ठेवायला हव्यात. विज्ञानात घाई करू नये, असं मी स्वतःला सांगायचो, आणि ते किती शहाणपणाचं वाटायचं! भित्र्या माणसाला शंकेइतकं चांगलं पांघरूण दुसरं नाही. माझा पोरगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. मी मनातल्या मनात त्याच्या लग्नापर्यंत पोहोचलो होतो, हे आज कबूल करतो. वही ट्रंकेत गेली.

वहिनी माहेरी गेली नाही. नाव पुसल्याशिवाय जाणार नाही म्हणाली होती, ती राहिलीच. काकूचेही पाय पुढे सुजले, तेव्हा जिचं थोबाड बघायचं नव्हतं तिनंच काकूचं हगणं-मुतणं काढलं. काकू गेली तर लोक म्हणाले, घ्या, चौथी. कापूस वेचायला बाया तिला बरोबर नेत, पण पेरणीच्या पहिल्या दिवशी शेताला पाय लावू देत नसत. सकाळी कोणी कामाला निघालं आणि ती समोर आली तर माणूस माघारी फिरून, पाणी पिऊन पुन्हा निघायचा. तेच पाणी पिऊन! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. सुरुवातीची काही वर्षं ती दिवाळीला फराळाचं ताट घेऊन आली की विचारायची, "भाऊजी, दिली का वही?" मी म्हणायचो, "थोडं राहिलंय, वहिनी." मग तिनं विचारणं सोडून दिलं.

मी निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात लोकांनी माझं कौतुक केलं, सरांनी पिढ्यांना विचार करायला शिकवलं म्हणाले. शाल अंगावर घेऊन मी ऐकून घेतलं. आमच्या घरी आता जारचं पाणी येतं, चांगल्या घरांत सगळीकडेच येतं. वहिनीला ते परवडत नाही, ती अजून विहिरीवरच जाते. भिंत एक आहे, पण मी तिच्या दारात कधी एक जार ठेवला नाही. ठेवला असता तर लोकांनी विचारलं असतं, काऊन बा?

पोरगा एकतीस वर्षांचा झाला. नोकरी चांगली, दिसायला चांगला, पण गावाचं नाव काढलं की पाहुणे फोन उचलेनात. घाटाखालचं पाणी आता मोबाइलमुळे जगजाहीर झालंय. शेवटी यंदा घाटावरच्या उंद्रीचं एक स्थळ घर पाहायला यायला तयार झालं. बायको आठ दिवस घर धूत होती. आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "अहो, जाऊबाईले सांगून ठेवा. उद्या समोर नोको येऊ म्हना."

"तू सांग."

"मले नाई बाई जमत. तुमचं आयकते ते."

मी सांगितलं. वहिनी भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "हाव. मी घरातच राहीन."

पाहुणे आले. जारचं पाणी झालं, जारच्या पाण्याचा चहा झाला. मुलीचे वडील स्वतः शिक्षक निघाले, चष्म्यातून नीट रोखून बघणारे. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"सर, स्पष्टच विचारतो. घाटाखाली पाण्याचा त्रास आहे, किडन्या जातात, असं ऐकतो. तुम्ही विज्ञानाचे माणूस. दुसऱ्या कोणाला विचारलं असतं तर विश्वास ठेवला नसता."

आतल्या खोलीत, पलंगाखाली, ट्रंकेत ती वही होती.

"तसं काही सिद्ध झालेलं नाही," मी म्हणालो.

"पण शेजारच्याच घरी एकामागून एक माणसं गेली म्हणतात?"

पोरगा माझ्याकडे बघत होता. त्याच्या आईनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. आणि मी, ज्यानं हजारो पोरांना कावळ्याची अन् फांदीची गोष्ट सांगितली, तो मी म्हणालो, "त्या घराचं वेगळं आहे हो. ती सून आली, तेव्हापासूनच त्या घराला..." पुढचं बोलायला लागलंच नाही. पाहुण्यांनी समजल्यासारखी मान हलवली. "अच्छा, तसं होय," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

सोयरीक जमली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी फळ्यावर कितीदा लिहिली असेल. आता लग्नाला अठरा दिवस राहिलेत, मांडववाला ठरलाय, पत्रिका वाटून होत आल्यात. माझी जेवणावरची वासना गेली आहे. बायको म्हणते, पित्त झालं असेल.

परवा सकाळी वहिनी घागर घेऊन आमच्या दारावरून चालली होती. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. ती थांबली, घागर खाली ठेवली आणि पायरीवर बसली. कित्येक वर्षांत बसली नव्हती. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि खरं सांगतो, द्यायला हव्या होत्या. तिनं लुगडं घोट्यापासून जरा वर केलं, पायावर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा पडला, तो भरूनच येईना. आम्ही दोघंही त्या खड्ड्याकडे बघत बसलो. तीन पुरुषांच्या अन् एका सासूच्या पायावर तिनं हेच करून बघितलं होतं, तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमच्या वहीत माह्यंबी नाव लिहून घ्या. आता त पुरावा पुरला असन ना?"

आतून बायको पाहुण्यांना द्यायच्या साड्या मोजत असल्याचा आवाज येत होता.

"एवढं लग्न होऊ द्या, वहिनी," मी म्हणालो. "मग देतोच."

ती "हाव" म्हणाली, घागर उचलली आणि विहिरीकडे गेली.